गरोदरपणी पायांवर येणारी सूज : साधी कोणती, धोक्याची कोणती?

मृगाचा पाऊस बरा झाला की आमच्या खानापूर-बेळगाव भागातल्या शिवारांत गडबड सुरू होते. काही ठिकाणी धूळवाफेवर भात आधीच पेरलेले असते. पण जिथे रोप-लावणी आहे तिथे आर्द्रा-पुनर्वसूच्या सुमारास घरातले एकही माणूस घरी बसत नाही. चिखलात पोटरीपर्यंत पाय, कमरेत वाकलेली पाठ, वरून पावसाची धार आणि समोर संपता न संपणारी बांधापर्यंतची ओळ. ही ओळ लावणारे बहुतेक हात बायकांचे असतात, आणि त्यांत पाच-सहा महिन्यांच्या गरोदर भगिनीही असतात.

अशी भगिनी संध्याकाळी घरी येऊन पाय धुते तेव्हा तिला दिसते की घोटा कुठे आहे ते कळत नाही, चप्पल पायात शिरत नाही, आणि नडगीवर अंगठा दाबला तर खळगा पडून तसाच राहतो. मग घरात साधारण असे बोलणे होते. ती म्हणते, "आई, पाय बघा केवढे सुजलेत." सासूबाई म्हणतात, "असू दे ग, आमचे पण असेच सुजत होते. लावणी संपली की उतरेल." शेजारच्या काकी येतात आणि म्हणतात, "मीठ बंद कर, पाणी कमी पी, अंगात पाणी साठलंय." घरधनी दोघींचे ऐकून गप्प बसतो, कारण उद्या पहाटे पुन्हा शेतावर जायचे असते.

सासूबाईंचे म्हणणे पुष्कळदा खरे ठरते. काकींचे म्हणणे जुन्या काळी डॉक्टरही सांगत असत. पण या दोन्हींत एक गोष्ट राहून जाते. पायांवरची सूज बहुधा निरुपद्रवी असते हे खरे. तथापि गरोदरपणातला एक जीवघेणा आजार याच सुजेच्या आडून येतो, आणि नुसत्या डोळ्यांनी पाहून तो ओळखता येत नाही. त्यासाठी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब पाहावा लागतो आणि लघवी तपासावी लागते. या लेखातून आम्हाला मुख्यत्वे हेच सांगायचे आहे. बाकीचे विवेचन हे नीट समजावे म्हणून.

सूज येते कशी?

बाळाचे पोषण व्हावे म्हणून गरोदर स्त्रीच्या शरीरातले रक्त जवळजवळ निम्म्याने वाढते. त्याशिवाय तिच्या शरीरात एकंदर सहा ते आठ लिटर जास्तीचे पाणी साठते. हे पाणी बाळात, वारेत, गर्भजलात, रक्तात आणि शरीराच्या सर्व भागांत वाटले गेलेले असते. तेव्हा शरीरात पाणी वाढणे हा आजार नव्हे. ती गर्भारपणाची नैसर्गिक व्यवस्थाच आहे.

आता हे पाणी पायांतच का उतरते, ते शेतकऱ्याला समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. उताराच्या शिवारात खालच्या वाफ्याचे पाणी बाहेर जाण्याची मोरी कोणी दगड घालून अर्धी बुजवली, तर त्या वाफ्यात पाणी तुंबते आणि बांधातून पाझरू लागते. पायांतले रक्त हृदयाकडे परत नेणारी मोठी नीला पोटाच्या मागच्या बाजूने, कण्याच्या किंचित उजवीकडून वर जाते. गर्भाशय मोठे झाले की त्याचा भार या नीलेवर पडतो. पायांतले रक्त तुंबते, बारीक शिरांतला दाब वाढतो, आणि रक्तातले पाणी आजूबाजूच्या मांसात पाझरते. दिवसभर उभे राहिले म्हणजे पाणी खालीच ओढले जाते, म्हणून संध्याकाळी सूज जास्त दिसते. रात्री आडवे झाले की उतार नाहीसा होतो, पाणी परत रक्तात येते आणि लघवीवाटे निघून जाते. गरोदर बाईला रात्री वारंवार उठावे लागते, त्याचे हेही एक कारण आहे.

साधी सूज कशी ओळखावी?

साधी सूज बहुधा सहावा-सातवा महिना उलटल्यावर येते आणि दिवस भरत येतील तशी वाढते. ती दोन्ही पायांवर जवळजवळ सारखी असते. संध्याकाळी चढते आणि सकाळी उतरते. पाय जड वाटतात, तणतात. पण ठणकत नाहीत, लाल होत नाहीत. चेहरा आणि हात नेहमीसारखे असतात. डोके दुखत नाही, डोळ्यांना नीट दिसते, बाळ पोटात हालत असते. उन्हाळ्यात, लांबच्या बस-प्रवासात, पुष्कळ वेळ उभे राहिल्यावर ही सूज वाढते. जुळे असेल तर ती लवकर आणि जास्त येते.

अशी सूज असेल तर घाबरण्याचे कारण नाही. पण "साधी आहे" असे म्हणण्याचा अधिकार रक्तदाब मोजून झाल्यावरच येतो, त्यापूर्वी नाही.

आराम कसा पडेल?

पहिला आणि सर्वांत उपयोगी उपाय फुकटचा आहे : पाय वर घेणे. दुपारी जेवणानंतर आणि संध्याकाळी काम आटोपल्यावर वीस-वीस मिनिटे आडवे व्हावे व पायांखाली दोन उशा किंवा घडी घातलेली घोंगडी ठेवावी. पावले छातीच्या पातळीपेक्षा किंचित वर यावीत. दिवस भरत आल्यावर उताणे निजू नये. त्याने गर्भाशयाचा सगळा भार त्या मोठ्या नीलेवर येतो, कधी चक्करही येते. कुशीवर निजावे, आणि शक्यतो डाव्या कुशीवर. डावीकडे वळले की नीलेवरचा दगड बाजूला सरकतो.

दुसरा उपाय म्हणजे पोटऱ्यांचा व्यायाम. पोटरीचे स्नायू म्हणजे पायांतले रक्त वर चढवणारा हातपंपच आहे. ते आवळले आणि सैल झाले की रक्त वर ढकलले जाते. म्हणून नुसते उभे राहणे वाईट, आणि चालणे चांगले. बसल्या जागी पावले वर-खाली करावीत, घोटे गोल फिरवावेत. प्रत्येक वेळी वीस-तीसदा, दिवसातून चार-पाच वेळा. सकाळ-संध्याकाळ अर्धा तास सपाट वाटेने चालून यावे.

तिसरे, बसण्याची रीत. चुलीपुढे, भांडी घासताना, भाजी निवडताना उकिडवे बसण्याची सवय आपल्याकडे फार आहे. उकिडवे बसले की गुडघ्यामागच्या शिरा मुडपतात आणि पायातले रक्त आणखी तुंबते. त्याऐवजी पाट किंवा बुटके स्टूल घ्यावे आणि पाय पुढे पसरावेत. गुडघ्यावर गुडघा टाकून बसू नये.

चौथे, अंगावरच्या घट्ट वस्तू. पायाच्या बोटांतली जोडवी, पैंजण, घट्ट नाडी, मोज्यांचे रबर हे सर्व सैल करावे किंवा काढून ठेवावे. हातातली अंगठीही सूज येण्याआधीच काढावी. बोट सुजल्यावर ती साबण लावूनही निघत नाही आणि शेवटी कापावी लागते. लग्नातली अंगठी काढण्यास काही भगिनी बिचकतात. त्यांना आम्ही सांगतो की अंगठी चार महिने पेटीत राहिली म्हणून लग्न सैल होत नाही. पायांत रुंद, मऊ, मागे पट्टा असलेली चप्पल घालावी. ज्यांना दिवसभर उभे राहून काम करणे भाग आहे, त्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याने दाब देणारे लांब मोजे वापरता येतात. ते सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वीच, सूज चढण्याआधी घालावे लागतात.

पाचवे, पायांची त्वचा. सुजलेली कातडी ताणलेली असते. तिला चीर पडली तर लवकर भरत नाही. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात आणि त्यांतून जंतू शिरतात. भाताच्या साचलेल्या पाण्यात उंदरांच्या मुतातून लेप्टोचे जंतूही येतात आणि ते जखमेतून अंगात जातात. म्हणून पायाला चीर, फोड किंवा चिखल्या असतील तर गरोदर भगिनीने चिखलात उतरूच नये. घरी आल्यावर साबणाने पाय धुवावेत आणि बोटांमधली जागा कोरड्या फडक्याने टिपून घ्यावी. एखादी जागा लाल, गरम, दुखरी झाली किंवा ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

कोमट पाण्यात पाय बुडवून बसले तर बरे वाटते आणि त्यात काही अपाय नाही. मात्र त्यात मीठ टाकल्याने सूज शोषली जाते हा केवळ समज आहे. तळव्यापासून वर, हलक्या हाताने तेल चोळण्यासही हरकत नाही. पण घेटुळीचा किंवा सराट्याचा काढा, लघवी साफ करणारी पुडी, दुकानातून आणलेली "पाणी काढण्याची" गोळी यांतले काहीही डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये. गरोदरपणात जास्तीचे पाणी बाळाच्या कामाचे असते. ते जबरदस्तीने काढले तर वारेकडे जाणारे रक्त कमी पडू शकते.

मीठ आणि पाणी

काकींच्या सल्ल्याकडे आता वळू. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पुष्कळ डॉक्टर गरोदर स्त्रीला अळणी जेवण सांगत. सूज म्हणजे पाणी, पाणी धरून ठेवते मीठ, तेव्हा मीठ तोडा, असे ते साधे गणित होते. १९५८ साली लंडनमध्ये दोन हजारांवर गरोदर स्त्रियांच्या एका पाहणीचे निष्कर्ष छापले गेले. त्यांतल्या निम्म्यांना मीठ जास्त खाण्यास आणि निम्म्यांना कमी खाण्यास सांगितले होते. ज्यांना मीठ कमी करण्यास सांगितले, त्यांच्यातच रक्तदाबाचा आजार अधिक आढळला. ती पाहणी आजच्या कसोट्यांना पुरेपूर उतरणारी नाही; पण नंतरच्या काटेकोर चाचण्यांतही मीठ तोडल्याने हा आजार टळतो असे दिसून आलेले नाही.

तेव्हा नियम मध्यम मार्गाचा आहे. आमटी-भाजीत नेहमीचे मीठ असू द्यावे. पापड, लोणचे, खारे मासे, पाकिटातला चिवडा हे मात्र तोंडी लावण्यापुरतेच घ्यावे. ज्यांना आधीपासून रक्तदाबाचा, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांचे ऐकावे.

पाणी कमी केल्याने सूज उतरत नाही. उलट लघवीला जळजळ, मलावरोध आणि थकवा हेच पदरात पडते. दिवसाकाठी आठ-दहा पेले पाणी प्यावे. शेतावर असाल तर आणखी. ताक, पेज, धण्याचे पाणी चालते. आणि जेवणात डाळ, उसळ, अंडी, दूध, ताजे मासे यांतले काहीतरी रोज असावे. नाचणीचा विसर पडू देऊ नये. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच वजनाच्या गाईच्या दुधाच्या ते जवळजवळ तिप्पट आहे.

सुजेआड लपणारा आजार

आता मुख्य गोष्ट. गरोदरपणाचे वीस आठवडे उलटल्यावर काही स्त्रियांचा रक्तदाब चढतो आणि त्यांच्या लघवीतून प्रथिने जाऊ लागतात. मूत्रपिंड, यकृत, मेंदू यांच्यावर ताण येतो. याला डॉक्टर प्री-एक्लाम्प्सिया म्हणतात. त्यातून झटके येऊ लागले की तो एक्लाम्प्सिया. या नावाचे मूळ ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ एकाएकी लखलखणे असा होतो. वीज जशी न सांगता कोसळते, तसा हा झटका येतो म्हणून हे नाव पडले. पण वीज पडण्याआधी ढग जमतात, तसे याचेही ढग आधी दिसतात. फक्त ते पाहण्याचे साधन हवे.

आजाराचे मूळ वारेत आहे. वारेच्या शिरा आरंभापासूनच नीट रुजल्या नाहीत म्हणजे तिथून रक्तात असे काही पदार्थ मिसळतात की आईच्या सर्व रक्तवाहिन्या बिघडतात. म्हणून वार बाहेर पडेपर्यंत, म्हणजे बाळंतपण होईपर्यंत, हा आजार पुरता बरा होत नाही. तोवर औषधांनी तो आवरून धरायचा असतो.

पूर्वी सूज हे या आजाराचे एक लक्षण मानले जाई. आता रोगनिदानाच्या यादीतून सूज काढून टाकली आहे, आणि त्याचे कारण आपल्या कामाचे आहे. पुष्कळ निरोगी गरोदर स्त्रियांच्या पायांना सूज येते, आणि हा आजार असलेल्या काही स्त्रियांच्या पायांना मुळीच येत नाही. म्हणजे सूज आहे म्हणून आजार आहेच असे नाही, आणि सूज नाही म्हणून आजार नाहीच असेही नाही. निकाल रक्तदाबाच्या यंत्राकडे आहे.

तरीही काही खुणा अशा आहेत की त्या दिसल्यावर सकाळची वाट पाहू नये :

सकाळी उठल्यावरही सूज न उतरणे, चेहरा, पापण्या किंवा हातांची बोटे सुजणे;
एका आठवड्यात वजन एकाएकी एक-दोन किलोंनी वाढणे;
डोके सतत ठणकणे, गोळी घेऊनही न थांबणे;
डोळ्यांपुढे अंधारी, काजवे, धुरकट दिसणे;
उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखणे, त्याबरोबर ओकाऱ्या;
दम लागणे, लघवी कमी होणे;
बाळाची हालचाल मंदावणे.

पोटात वरच्या बाजूला दुखले की "पित्त झाले" म्हणून सोडा किंवा लिंबूपाणी देण्याची रीत आहे. सहाव्या महिन्यानंतर असे दुखले तर आधी रक्तदाब पाहावा, पित्ताचा विचार नंतर.

झटका आलाच तर रुग्णाला डाव्या कुशीवर वळवावे, भोवतालचे कठीण सामान दूर करावे आणि १०८ क्रमांकाला फोन करावा. तोंडात चमचा घालू नये, पाणी पाजू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवत वेळ घालवू नये. रुग्णालयात मॅग्नेशियम सल्फेट नावाचे औषध देतात. ते स्वस्त आहे आणि जुने आहे. २००२ साली ३३ देशांतल्या दहा हजारांवर स्त्रियांच्या चाचणीचा निष्कर्ष आला : प्री-एक्लाम्प्सिया असताना हे औषध वेळेवर दिले तर झटका येण्याची शक्यता निम्म्याहून कमी होते. औषध आहे. प्रश्न आहे तो स्त्री वेळेवर तिथे पोहोचण्याचा.

हा आजार कुणालाही होऊ शकतो, पण काहींना तो अधिक संभवतो : पहिलटकरणी, जुळे असलेल्या, चाळिशीजवळ आलेल्या, वजन जास्त असलेल्या, मागच्या खेपेस हा त्रास झालेल्या, आई किंवा बहिणीला तो झालेल्या, आणि आधीच रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या भगिनी. अशांनी तिसऱ्या महिन्यातच डॉक्टरांना हे सर्व सांगावे, कारण त्यांना रोज ॲस्पिरिनची लहान गोळी सुरू करण्याचा योग्य काळ तोच असतो. सहा देशांतल्या सुमारे बारा हजार पहिलटकरणींवर अशा गोळीची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२० साली आले, आणि तीत बेळगावचे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय सहभागी होते. दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचे प्रमाण त्या गोळीने शंभरांत सुमारे १३ वरून साडेअकरावर आले. गोळी साधी असली तरी ती आपल्या मनाने सुरू करू नये.

कॅल्शियमच्या गोळ्यांची गोष्टही सांगण्याजोगी आहे. ज्यांच्या आहारात कॅल्शियम कमी आहे त्यांना या गोळ्यांनी रक्तदाबाच्या आजारापासून पुष्कळ संरक्षण मिळते. गोळ्या फार मोठ्या असतात म्हणून बायका त्या डब्यात टाकून ठेवतात. बंगळूरच्या सेंट जॉन्स संस्थेच्या संशोधकांनी ११,००० पहिलटकरणींची चाचणी घेतली. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षानुसार रोज ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम हे या आजाराच्या बाबतीत १,५०० मिलिग्रॅमपेक्षा उणे ठरले नाही. तेव्हा आरोग्यकेंद्रातून मिळालेल्या गोळ्या जेवणाबरोबर नेमाने घ्याव्यात. लोहाची गोळी मात्र वेगळ्या वेळी घ्यावी. ती चहा, दूध किंवा कॅल्शियम यांबरोबर घेतली तर अंगी लागत नाही.

एकाच पायाची सूज, आणि पांढरे पडलेले ओठ

दोन गोष्टी आणखी. एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली, गरम किंवा लालसर झाली, तर आतल्या नीलेत रक्ताची गुठळी झाली असण्याचा संभव असतो. गरोदरपणात रक्त लवकर गोठते, आणि बहुधा डाव्या पायात असे होते. ती गुठळी सुटून फुफ्फुसात गेली तर प्राणावर बेतते. असा पाय चोळू नये, शेकू नये; त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. छातीत कळ आली किंवा एकाएकी दम लागला तर क्षणाचाही विलंब नको.

दुसरी गोष्ट पंडुरोगाची. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातल्या गरोदर स्त्रियांपैकी निम्म्याहून जास्त, शंभरांत ५२, रक्त कमी असलेल्या आढळल्या. रक्त फारच कमी झाले तर हृदयावर ताण येतो आणि त्यानेही पाय सुजतात. ओठ, नखे, खालची पापणी पांढरट दिसत असेल आणि चार पावले चालल्यावर धाप लागत असेल तर ही सूज पाय वर घेऊन उतरणारी नाही. हिमोग्लोबिन तपासून उपचार करून घ्यावेत.

तपासणी कुठे आणि कशी?

प्रत्येक महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्यकेंद्रांत आणि रुग्णालयांत गरोदर स्त्रियांची डॉक्टरांकडून विनामूल्य तपासणी होते. ही योजना २०१६ पासून सर्व देशात चालू आहे. खेरीज आशाताई आणि परिचारिका गावात येतातच. जाताना तायी कार्ड, आणि गोव्यात वा महाराष्ट्रात असाल तर माता-बाल संरक्षण कार्ड, बरोबर न्यावे आणि रक्तदाबाचा आकडा त्यावर लिहून घ्यावा.

रक्तदाब मोजण्याआधी पाच मिनिटे शांत बसावे. पाठ टेकलेली, पावले जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला, आणि मोजताना बोलू नये. आकडे लक्षात ठेवण्यास सोपे आहेत : वरचा १४० किंवा खालचा ९० झाला की काही तासांनी पुन्हा मोजून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, वरचा १६० किंवा खालचा ११० झाला तर तो तातडीचा प्रसंग होय. लघवीच्या तपासणीचे तत्त्व स्वयंपाकघरात रोज दिसते. अंड्याचा पांढरा बलक तापवला की गोठून पांढरा होतो. पूर्वी काचेच्या नळीत लघवी तापवून अशाच गोठण्यावरून प्रथिने ओळखत. आता कागदाची पट्टी बुडवून मिनिटभरात रंग पाहतात.

यंत्र गावात आले म्हणजे काम झाले असे मात्र नाही. २०१४ ते २०१६ या काळात आपल्याच बेळगाव आणि बागलकोट जिल्ह्यांत आशाताईंना रक्तदाबाची यंत्रे देऊन, घरोघर जाऊन गरोदर स्त्रियांना तपासण्याचा एक मोठा प्रयोग झाला. असेच प्रयोग पाकिस्तान व मोझांबिक येथेही झाले. सर्वांचा एकत्रित हिशेब २०२० साली मांडला तेव्हा दिसले की केवळ योजना राबवल्याने माता-बालकांची हानी एकंदरीत कमी झाली नव्हती. परंतु ज्या स्त्रियांच्या आठ किंवा अधिक भेटी झाल्या, त्यांच्यात मृत बाळे जन्मण्याचे आणि नवजात बाळे दगावण्याचे प्रमाण कमी होते. पुन्हा पुन्हा, वेळच्या वेळी तपासणे हे यंत्राहून महत्त्वाचे आहे. एकदा पाचव्या महिन्यात रक्तदाब बरा निघाला म्हणून आठव्या महिन्यात तो बराच असेल असे नाही.

बाळंतपणानंतर

बाळंत झाल्यावर पहिले काही दिवस पायांची सूज थोडी वाढतेही, आणि मग एक-दोन आठवड्यांत उतरते. पण प्री-एक्लाम्प्सिया बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंतही उद्भवू शकतो. त्यामुळे बाळंतिणीचे डोके ठणकू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर "वारा लागला" म्हणून कानाला फडके बांधून निजवू नये. आणि ज्या भगिनीला हा आजार एकदा झाला, तिला पुढच्या आयुष्यात रक्तदाबाचा व हृदयाचा विकार होण्याचा धोका इतरांपेक्षा दुप्पट असतो. तिने वर्षातून एकदा तरी रक्तदाब तपासून घ्यावा, मुले मोठी झाली तरी.

घरच्या मंडळींना दोन शब्द

सासूबाईंचा अनुभव मोलाचा आहे. पण आपले पाय सुजून उतरले, एवढ्यावरून सुनेचेही तसेच होईल असे मानू नये. त्यांच्या वेळी रक्तदाब मोजणारे कुणी दारात येत नव्हते. आता येते, तेव्हा सुनेला स्वतः घेऊन जावे. त्या बरोबर असल्या म्हणजे घरातले कुणी अडवत नाही, हे आम्ही पुष्कळदा पाहिले आहे.

घरधन्यांना सांगणे असे की लावणी दोन दिवस मागे-पुढे झाली तर भात थोडे कमी पिकेल. त्याहून अधिक काही बिघडणार नाही. सातव्या महिन्यानंतर पत्नीला वाकून लावणीला उभी करू नका. शेजारच्या घराशी पैरा करा, एक गडी जास्त सांगा. ती शेतावर आलीच तर बांधावर सावलीला बसून करण्याजोगे काम द्या, आणि अर्ध्या-अर्ध्या तासाने तिला चार पावले चालू द्या. फवारणीच्या औषधाजवळ तिला जाऊ देऊ नका. गाय विण्याला आली की आपण तिची कास दिवसातून तीनदा पाहतो, रात्री कंदील घेऊन गोठ्यात जाऊन येतो. घरातल्या लक्ष्मीच्या पायांकडे दिवसातून एकदा तरी पाहावे.

आणि शेवटी एक काम आजच करण्यासारखे. भिंतीवर कॅलेंडर लटकवलेले असते तिथे मोठ्या अक्षरांत तीन आकडे लिहून ठेवा : १४०/९०, महिन्याची ९ तारीख, आणि १०८. त्याखाली आपल्या आशाताईंचा फोन नंबर. रात्रीच्या वेळी घाबरलेल्या माणसाला काही आठवत नाही. भिंतीवर लिहिलेले मात्र वाचता येते.